शंभराच्या आत कार्ड नाही

बटणकाकूंच्या दुकानात एक बटण मिळायचं. एकच. यात काय विशेष, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी दुसऱ्या कुठल्याही दुकानात जाऊन एक बटण मागून बघावं. तिथे ती पुठ्ठ्यावर सहा-सहा शिवलेली असतात. आपलं हरवलेलं असतं एक, आणि उरलेली पाच घरातल्या कुठल्यातरी डब्यात जन्मभर लोळत पडतात.

काकूंकडे शर्ट नुसता काउंटरवर टाकायचा. काकू कपाळावरचा चष्मा नाकावर आणणार, शर्टावरच्या शिल्लक बटणाला नखानं टिचकी मारणार, "प्लास्टिक नाही हो हे, शिंपल्याचं आहे," म्हणणार, आणि मागच्या भिंतीवरच्या सहाशे-सातशे नळकांड्यांतून नेमकं एक ओढून काढणार. हुबेहूब तेच बटण. किंमत दहा. एवढ्यासाठी लोक दोन बस बदलून यायचे. एकतीस वर्षं हे चाललं होतं, आणि आपल्या दारातून कुणी बटणाविना शर्ट घेऊन परत गेलं नाही, याचा काकूंना मनातून फार अभिमान होता. बोलून दाखवायच्या नाहीत, पण लोकांनी बोलून दाखवलेलं त्यांना आवडायचं.

मग कार्डाचं मशीन आलं.

मशीन आणलं मुलीनं. ती एका मोठ्या ऑफिसात कामाला होती आणि आईच्या दुकानाबद्दल तिला सतत काहीतरी सुचत असायचं. "आई, लोकांच्या खिशात आता पैसेच नसतात. तू कुठल्या जमान्यात आहेस?" मशीन साबणाच्या वडीएवढं होतं. ते द्यायला आलेल्या तरुणानं समजावून सांगितलं, की दर वेळी कार्ड टेकलं की कंपनी सरसकट चार कापून घेणार, शिवाय वर एकूण रकमेतला एक चिमूटभर हिस्सा.

काकूंना एका बटणामागे सुटायचे तीन.

"म्हणजे मी बटण विकायचं, आणि वर पदरचा एक तुम्हाला द्यायचा?"

"मॅडम, कार्ड असलं की लोक जास्त खरेदी करतात."

"जास्त बटणं घेऊन काय करतील? पोटाला लावतील?"

तरुण हसला, पण चार काही कमी झाले नाहीत. शेवटी मुलीनं एक पाटी छापून आणली : शंभराच्या आत कार्ड नाही. काकूंनी पहिले दोन दिवस ती उलटी टांगली. तिसऱ्या दिवशी मुलीनं येऊन सुलटी केली.

मग सुरू झाली गंमत. गिऱ्हाईक दहाचं बटण पसंत करायचं, कार्ड पुढे करायचं, पाटी वाचायचं, आणि मग "आता नव्वदचं काय घेऊ?" म्हणत दुकानभर नजर फिरवायचं. एका कॉलेजच्या मुलानं नव्वदचं इलास्टिक घेतलं. घेताना चेहरा असा, की सुई टोचून घ्यायला आलाय. एक गृहस्थ चार चेनी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांची बायको चारही परत करायला आली. पण हे झाले भिडस्त लोक. बाकीचे "रोख घेऊन येतो हं काकू" म्हणून जायचे आणि परत यायचे नाहीत. बँकेचं मशीन दोन रस्ते पलीकडे. एका बटणासाठी कोण एवढी पायपीट करणार?

महिन्याभरात एका बटणाचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. तीन-तीन सुटून काकूंचे काही इमले उभे राहणार नव्हते. पण नेमकं बटण हातात आहे, समोर बटण तुटलेला शर्ट आहे, आणि तरी माणूस परत चाललाय, हे त्यांना बघवायचं नाही. मुलगी म्हणाली, "आई, सुटं बटण परवडत नसेल तर बंद कर." नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "पुठ्ठ्याची ठेव ना. सहाची." त्याच्याशी काकू रात्रीचं जेवण होईपर्यंत बोलल्या नाहीत. मात्र आपलीही हिंमत आता संपत चाललीय, हे त्यांना कळत होतं. पुठ्ठ्याच्या बटणांचा विक्रेता एकदा येऊन नमुने ठेवूनही गेला होता.

दुकान होतं एका छप्पर घातलेल्या बोळात. दोन रस्त्यांना जोडणारा हा बोळ इतका अरुंद, की समोरच्या दुकानातलं सुस्कारणंही ऐकू यावं. समोर किल्लीवाले. टोकाला वह्या, लिफाफे, पेनं विकणारी वहीवाली, ही मुलीच्याच वयाची, हसरी आणि अखंड बोलणारी. तिन्ही दुकानांत तीच साबणाची वडी आणि तिन्ही दारांवर तीच पाटी. वहीवालीच्या पाटीवर तेवढं एक फूल काढलेलं होतं.

एका मंगळवारी दुपारी एक बाई हातात कार्ड घेऊन बोळात शिरली. किल्लीवाल्यांकडे साठची किल्ली. नाही. वहीवालीकडे तीसचे लिफाफे. नाही. काकूंकडे दहाचं बटण. काकूंनी बटण काढलंसुद्धा, आणि मग त्यांची नजर आपल्याच पाटीवर गेली. बाई बोळाच्या मधोमध उभी राहून एकदा या पाटीकडे, एकदा त्या पाटीकडे बघत होती. पैसे आहेत, दुकानं उघडी आहेत, आणि कुणी काही विकत नाही!

साठ, तीस आणि दहा. काकूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अहो थांबा," त्या म्हणाल्या. "किल्लीवाले! कापा ती किल्ली. आणि अगं, लिफाफे दे बाईंना. सगळं माझ्या मशीनवर घेते."

कार्ड एकदा टेकलं. मशीनवाल्यांचे चार कापले गेले एकदाच. बाई आशीर्वाद देत गेली आणि तिघं दुकानदार आपापल्या दारात उभे राहून एकमेकांकडे बघत राहिले. काहीतरी लबाडी केल्यासारखं वाटत होतं आणि मजाही येत होती.

ठरलं ते असं. गिऱ्हाईकाचं शंभर भरत नसेल तर तिघांचं मिळून भरायचं, आणि ते काकूंच्या मशीनवर घ्यायचं. मशीनवाल्यांची कपात तिघांत वाटून घ्यायची. आता काकूंकडे जमलेले दुसऱ्यांचे पैसे लक्षात कसे ठेवायचे? वहीवाली अर्थातच वही द्यायला निघाली. काकूंना लिहिण्याचा कंटाळा. त्यांनी फळीवरून गोळ्यांचा एक जुना गोल डबा काढला. त्यात सोनेरी काठाची लाल बटणं होती. कुठल्याशा बँडपथकाच्या गणवेशासाठी मागवलेली. पथक मोडलं, बटणांचा कारखानाही बंद पडला, आणि ती तशीच राहिली. अट्ठेचाळीस. जगात कुठे जोड सापडणार नाही अशी. एक बटण म्हणजे दहा. किल्लीवाल्यांची साठची किल्ली खपली की काकू त्यांना सहा बटणं देणार. शनिवारी दुपारी तिघांनी चहा घ्यायचा, बटणं परत करायची, पैसे न्यायचे.

किल्लीवाले आधी तयार नव्हते. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. त्यांच्या काउंटरवर कुणी कोपर टेकवलेलं चालायचं नाही, आणि खणाला हात लावणं तर दूरच.

"काकू, अर्ध्या गावाच्या घरांच्या किल्ल्या माझ्या हातून गेल्यात," ते म्हणाले. "एकाच्याही घरातला चमचा हललेला नाही. माझा धंदाच विश्वासाचा आहे. या बटणांवरून कधी उणादुणा शब्द निघाला, तर मी त्या दिवशी बाहेर."

"कशाला निघेल?" काकू म्हणाल्या.

तीन महिने निघाला नाही. एका बटणाची गिऱ्हाइकं परत यायला लागली. कुणी आलं की काकू दारातूनच हाक द्यायच्या, "नव्वदचं कुणाचं काही आहे का?" आणि समोरून "आहे! पाठवा!" यायचं. गिऱ्हाईक थांबलेलंच असायचं, त्याला स्टूल मिळायचं. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं एका कार्डाच्या शंभरात शेजारी-शेजारी बसायची; एकजण कार्ड टेकायचा आणि बाकीचे आपापले सुटे पैसे त्याच्या हातात ठेवायचे. पुठ्ठ्याच्या बटणांचे नमुने काकूंनी दाराखाली पाचर म्हणून लावले.

शनिवारी परत आलेली बटणं काकू मोजत नसत. सुईत जाड दोरा घालून त्या ती ओवायच्या आणि माळ काउंटरवर धरायच्या. अट्ठेचाळीस बटणं म्हणजे त्यांची बरोबर एक वीत. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत माळ भरली, की चहा ओतायचा.

आणि मग एका शनिवारी माळ दोन बोटं कमी भरली.

काकूंनी पुन्हा वीत ताणली. करंगळी दुखायला लागली, तरी दोन बोटं कमी ती कमीच. वहीवालीनं पर्स झटकली. त्यातून चिल्लर, रबरबँड आणि अर्धं बिस्कीट निघालं. मग काकू अगदी सहज, किटलीचं झाकण उघडता उघडता म्हणाल्या, "किल्लीवाले, तुमच्या खणात बघा बरं, राहिली असतील एखाद-दुसरी."



किल्लीवाले उठले. आपल्या दुकानात गेले, खण ओढला आणि आख्खाच्या आख्खा आणून काकूंच्या काउंटरवर पालथा केला. स्क्रू, कोऱ्या किल्ल्या, एक कानस, खोकल्याच्या गोळ्या, आणि एक कंगवा. किल्लीवाल्यांच्या डोक्यावर तर औषधालाही केस नव्हता. काकूंना त्या कंगव्याकडे बघवेना.

"बघा," ते म्हणाले. "नीट बघा. खिसेपण उलटे करू?"

"अहो, मी तसं नव्हते म्हणत..."

"चहा नको मला."

त्यांनी सगळं परत खणात भरलं, आणि थोड्या वेळात समोरच्या दारावर पाटी दिसायला लागली. गेले तीन महिने ती त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. शंभराच्या आत कार्ड नाही.

वहीवाली हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही तसं बोलायला नको होतं."

"माहितेय गं मला."

पुढचा आठवडा फार वाईट गेला. किल्लीशिवाय शंभर जुळायचे नाहीत. लिफाफे आणि बटणं मिळून चाळीस, फार तर पन्नास. गुरुवारी एक म्हातारे गृहस्थ शिंपल्याच्या एका बटणासाठी आले. काकूंनी त्यांना ते तसंच देऊन टाकलं. पण रोजच असं द्यायला लागले तर दुकान नाही, दानधर्म होईल, हे काकूंनाही कळत होतं. दाराखालची पाचर त्यांनी काढली, पुठ्ठा झटकला आणि नमुन्यांकडे बघत बसल्या. सहा-सहा. एकसारखी. निर्जीव.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आयुष्यभर विजेचे मीटर वाचत हिंडलेला, आता निवृत्त. पेपराआडून "हं" आला. दुकानातल्या कुठल्याही गोष्टीवर गेली एकतीस वर्षं हाच "हं" येत असे, त्यामुळे काकूंनी त्यात काही विशेष शोधलं नाही.

शुक्रवारी सकाळी वाचनालयातल्या बाई दुकानात आल्या. सवयीनं फार हळू बोलायच्या. काकूंना त्यांच्या ओठांवर नजर ठेवायला लागायची.

"एक बटण सैल झालंय," बाई कुजबुजल्या. "याच रंगाचा दोरा हवाय."

काकूंनी चष्मा नाकावर आणला. बाईंच्या अंगावर राखाडी, जुन्या पद्धतीचा, छान बेतलेला कोट होता. आणि त्या कोटावर, वरपासून खालपर्यंत, सोनेरी काठाची आठ लाल बटणं.

काकूंनी स्टूल ओढलं आणि गिऱ्हाईक उभं असताना स्वतःच बसल्या.

"ही कुठून घेतलीत हो?"

"इथूनच!" बाई चकित झाल्या. "आईचा कोट आहे, त्याची बटणं पार झिजली होती. तुमच्या इथे एक काका बसले होते. सातशे डबे बघून तेही गोंधळले बिचारे. मग म्हणाले, ही घ्या, ही खास वेगळी ठेवलेली दिसतायत."

काकूंना सगळं आठवलं. दाढ काढायला त्या गेल्या होत्या, तो दोन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार. नवऱ्याला तासभर बसवलं होतं. संध्याकाळी तो ऐटीत सांगत होता, "आज मी कार्डावर धंदा केला. बटणं आणि एक रीळ. बरोबर शंभर जुळवले, एक कमी नाही की एक जास्त नाही!" काकूंचा अर्धा चेहरा बधीर होता. त्या "वा" म्हणाल्या होत्या, आणि तोही नीट उमटला नव्हता. पुढच्या शनिवारी दाढेपायी त्या घरीच झोपून होत्या, चहाच झाला नव्हता. म्हणून माळ कमी भरल्याचं आठवडाभर उशिरा कळलं.

आठ बटणं ऐंशीला, रीळ वीसला. त्याच्या लेखी बटण म्हटलं की दहा. आणि बोळातल्या तिघांच्या लेखीही ते लाल बटण दहाचंच. पैशांत एकाचाही फरक नव्हता. गेला होता तो फक्त एका माणसाचा मान, आणि तो काकूंच्या तोंडून गेला होता.

"बाई," त्या उठत म्हणाल्या, "दोन मिनिटं समोर येता माझ्याबरोबर? कोटासकट."

समोर किल्ली कापायचं मशीन चालू होतं. पत्र्यावरून खिळा ओढल्यासारखा आवाज. काकू काउंटरपाशी उभ्या राहिल्या, कोपर न टेकवता, आणि म्हणाल्या, "किल्लीवाले, चूक माझी आहे." किल्लीवाल्यांनी कानाकडे बोट दाखवलं आणि मशीन काही थांबवलं नाही. ऐकायचंच नव्हतं त्यांना.

"मी सांगू का?" वाचनालयातल्या बाईंनी विचारलं. त्यांचं तर त्यांनाही ऐकू आलं नसेल.

काकूंनी जरा जोरात सांगितलं. नाही. आणखी जोरात. नाही. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडल्या. आणि बरोबर त्याच क्षणी किल्ली कापून झाली, मशीन थांबलं.

"ती बटणं माझ्या नवऱ्यानं विकली!!"

बोळ या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमला. वहीवाली दारात आली. आणि बोळाच्या तोंडाशी, रोजच्यासारखा काकूंचा जेवणाचा डबा घेऊन आलेला नवरा जागच्या जागी थिजला.

किल्लीवाल्यांनी हातातली किल्ली खाली ठेवली. बाईंच्या कोटाकडे बघितलं. कानस उचलून, हात न लावता, लांबूनच वरून खालपर्यंत एकेक बटण मोजलं.

"बाई," ते गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही अंगावर ऐंशी घालून हिंडताय."

वहीवालीला हसू आवरेना. काकू मात्र हसल्या नाहीत.

"मी तुमच्या खणाचं नाव काढलं," त्या म्हणाल्या. "माझंच घर आधी बघायला हवं होतं. बोळभर ओरडून सांगितलंय, आणखी काय करू सांगा."

किल्लीवाल्यांनी कानस जागेवर ठेवली. मग म्हणाले, "खणात कंगवा बघितलात?"

"बघितला."

"काय वाटलं?"

"काही नाही हो."

"खरं सांगा."

"वाटलं... कशाला असेल."

"मशीनच्या ब्रशचे केस विंचरायला." त्यांनी टकलावरून हात फिरवला. "उगाच आठवडाभर विचार करत बसला असाल, म्हणून सांगितलं."

आता काकू हसल्या. इतक्या, की चष्मा काढून पुसावा लागला. तोवर नवरा डबा छातीशी धरून जवळ आला होता. "तो गोल डबा हिशेबाचा होता, हे मला कुणी सांगितलं होतं?" त्यानं विचारलं.

"मी! तीनदा! तुम्ही हं म्हणालात!"

"हं," नवरा म्हणाला.

वाचनालयातल्या बाईंना एव्हाना अर्धंमुर्धं कळलं होतं. त्या ओशाळून कोटाचं वरचं बटण चाचपत म्हणाल्या, "परत हवी असतील तर देते मी. दुसरी लावीन."

काकूंनी कोटाकडे दुकानदाराच्या नजरेनं बघितलं. राखाडीवर तो लाल रंग काय खुलला होता! जन्मभर काकूंनी कपड्याला बटण जुळवलं होतं, आणि हे त्यांना स्वतःला कधीच सुचलं नसतं. मीटर वाचणाऱ्याला सुचलं, तेही गोंधळात.

"राहू देत," त्या म्हणाल्या. "किती वर्षांनी कोट मिळालाय बिचाऱ्यांना. या, सैल झालेलं पक्कं करून देते."

"आणि आपल्या हिशेबाचं काय?" वहीवालीनं विचारलं. "चाळीसच राहिली. शिवाय उद्या बाईंनी कोटाचं एक बटण काढून दहाचे लिफाफे मागितले तर?"

यावर किल्लीवाले आत गेले. येताना त्यांच्या हातात एक तार होती आणि तिच्यात ओवलेल्या किल्ल्या. पितळी, पांढऱ्या, लांब, आखूड. त्यांनी ती तार काकूंच्या हातात दिली आणि नजर दुसरीकडे वळवली.

"चुकलेल्या," ते म्हणाले. "दात जास्त कापला गेला की फुकट जाते किल्ली. जगातलं कुठलंच कुलूप यांनी उघडत नाही. कुणाला विकताही यायच्या नाहीत." त्यांनी नवऱ्याकडे एक कटाक्ष टाकला. "चुकूनसुद्धा."

काकूंनी तार वर धरली. वीतभर काय, चांगली हातभर होती.

"इतक्या?"

"सव्वीस वर्षांत इतक्याच," किल्लीवाले ताठ मानेनं म्हणाले आणि मागे वळून आपली पाटी पुन्हा भिंतीकडे फिरवायला गेले.

शनिवारी चहा झाला. नवऱ्यालाही बोलावलं होतं, पण काउंटरच्या बाहेरच्या बाजूला बसवलं होतं. दुसरा कप ओतत असताना एक तरुण घाईघाईनं शिरला. हातात शर्ट, शर्टाच्या बाहीवरचं बटण गायब, दुसऱ्या हातात कार्ड. काकूंनी कप ठेवला, चष्मा खाली आणला, शिल्लक बटणाला टिचकी मारली आणि पाठ न वळवता हात मागे नेऊन नळकांडं ओढलं.

"एकच मिळेल ना?" तरुणानं पाटीकडे बघत भीत भीत विचारलं.

"एकच मिळतं इथे," काकू म्हणाल्या. "बसा स्टुलावर. नव्वदचं कुणाचं काही येतंय का बघू."

"बसा, बसा," नवरा त्याला जागा करून देत म्हणाला. "मी एकदा बरोबर शंभर जुळवले होते."